कंडक्टरची गॅलरी, चार सूत वर

रिसोडपासून केनवडपर्यंत माझ्या हातची एकही गॅलरी आजवर पडलेली नाही. हे मी चारचौघांत छाती काढून सांगतो. फक्त एकूण किती बांधल्या, असं कोणी विचारू नये. दोन. त्यातली एक माझ्या साडूची. तिच्यावर तो कबुतरं ठेवतो, माणसाला चढूच देत नाही. दुसरी वानखेडे कंडक्टरची. हे सगळे किस्से तिचेच.

बांधकामावर किस्से रेतीसारखे जमतात. घर उभं राहतं, लोक राहायला येतात, भिंतीला रंग लागतो, तरी कोपऱ्यात घमेलंभर रेती उरलेलीच असते. मालक म्हणतो उचला, आपण म्हणतो उद्या. मग तिच्यावर मांजर येऊन बसतं. माझ्या डोक्यात अशी बरीच मांजरं बसली आहेत.

आमची मंडळी थोडीच. मी सुदाम मिस्त्री. सातवीत दोन वर्षं बसलो, कारण खिडकीजवळची जागा मिळाली होती, ती सोडवेना. दुसरा शकीलभाई, सळई बांधणारा. बोलणं लखनौचं, राहणं रिसोडचं. तिसरे वानखेडे, घरमालक. एसटीतून रिटायर झाले, पण घंटी अजून डोक्यात वाजते. बायको बेबीताईसुद्धा त्यांना कंडक्टरच म्हणते. अन् चौथी सुजाता, आमच्या खिल्लारेची पोरगी, इंजिनियर. तिचा बाप माझा दोस्त, म्हणून मी तिचा मामा. स्टँडजवळ तिनं नवीन ऑफिस टाकलं, बाहेर बोर्ड लावला. बोर्ड मोठा अन् ऑफिस लहान, म्हणून मी तिला म्हणायचो की बोर्डाच्या मागंच बसत जा, भाडं वाचेल.

कंडक्टरचं घर हे तिचं पहिलं काम. पहिलं घर बिघडलं तर रिसोडमध्ये दुसरं कोणी देत नाही, हे तिलाही माहीत होतं अन् सगळ्या गल्लीलाही. त्यामुळं गल्ली मोठ्या आशेनं पाहत होती.

*

कंडक्टरला गॅलरी पाहिजे होती आठ फुटांची. कारण काय, तर समोरच्या किराणावाल्याची चार फुटांची.

सुजातानं तोंडानं नाही म्हटलं नाही. घरातून प्लास्टिकची फूटपट्टी मागवली. पट्टीचा एक भाग टेबलावर हातानं दाबून धरला, दुसरा काठाच्या बाहेर काढला. म्हणाली, ही तुमची गॅलरी. एका बाजूनं धरलेली, दुसरी बाजू हवेत. मग चहाबरोबर आलेली बिस्किटं तिनं बाहेरच्या भागावर एकाला एक लावून मांडली. म्हणाली, हा भार सगळीकडं सारखा पसरलेला. स्वतः गॅलरीचं वजन, फरशीचं वजन, माणसांचं वजन, सगळं असंच पसरून धरायचं असतं.

पट्टी थोडी वाकली. मी टोकावरचं बिस्कीट उचललं अन् खाल्लं. पट्टी वर आली.

"पाह्यलं काका," सुजाता म्हणाली, "मामानं भार कमी केला."

मग तिनं पट्टी आणखी बाहेर ओढली, अन् राहिलेली बिस्किटं पुन्हा टोकापर्यंत लावायला घेतली. पूर्ण लावूनही झाली नाहीत तोच पट्टी अशी खाली गेली की सगळी बिस्किटं कंडक्टरच्या मांडीवर. तिनं सांगितलं, लांबी दुप्पट केली की वाकणं दुप्पट होत नाही, सोळापट होतं. लांबीला लांबीनं चारदा गुणावं लागतं.

कंडक्टरला हे पटेना. त्यांनी अख्खी नोकरी रिसोड-वाशीम गाडीवर केलेली. गाडीत सीट किती अन् माणसं किती, हा हिशोब त्यांनी कधी सरकारलाही नीट दिला नाही. ते म्हणाले, "दुप्पट माणसं भरून नेली म्या. गाडी वाकली काय कवा?"

सुजातानं विचारलं, "काका, गाडीत माणूस सगळ्यात जास्त कुठं उडते?"

"मांगच्या सीटवर."

"काहून?"

कंडक्टर थांबले. आयुष्यभर त्या सीटवर लोकांना बसवलेलं, पण असं कोणी विचारलं नव्हतं. मग म्हणाले, "तठी खाली चाक नसते."

"मंग आठ फुटाची मांगची सीट कोणासाठी बनवून राह्यले तुमी?"

आठाचे सहा झाले. दोनच फूट कमी केले, पण वाकणं म्हणे तिसऱ्या हिश्श्यावर आलं. मांडीवरची बिस्किटं मी गोळा केली. भार पडून राहू नये.

*

आता सहा फुटांवर भार किती धरायचा? सुजाताजवळ पुस्तकातला आकडा होता, पण पोरगी चौकस. ती बेबीताईंना विचारायला बसली की गॅलरीत जास्तीत जास्त कधी अन् किती माणसं येतील.

बेबीताईंना ही गॅलरी एकाच कामासाठी पाहिजे होती. जयंतीची मिरवणूक त्यांच्या दारावरून जाते, अन् लग्न होऊन आल्यापासून त्यांनी ती लोकांच्या डोक्यांच्या मागून पाहिलेली. रथ येतो तेव्हा आपल्याला फक्त वरचा झेंडा दिसतो, असं त्या म्हणायच्या. म्हणून यंदा त्यांनी सगळ्यांना आधीच बोलावून ठेवलं होतं. वाशीमची बहीण, केनवडची भाची, तिची लेकरं, शेजारच्या दोघी जावा. नावं घेता घेता थोरल्या नणंदेपाशी आल्या अन् थांबल्या.

नणंदबाई म्हणजे भरल्या बांध्याच्या. मी आपलं गंभीर तोंड करून सुजाताला विचारलं, "इंजिनेर बाई, नणंद एका जागी धरायची का पसरून धरायची?"

सुजाता कागदावरून मान वर न करता म्हणाली, "पसरून."

"पसरूनच धर माय," बेबीताई म्हणाल्या. "ते बसते बी तशीच."

सुजातानं पुस्तकातला आकडा ठेवला तो ठेवला. पण दोन सळया जास्तीच्या घातल्या. त्या सळयांना शकीलभाई शेवटपर्यंत ननंदवाले सरिये म्हणत होता.

*

शकीलभाईचं एक तत्त्व आहे. सळई एकदा बांधली की तिच्यावर मालकाचा हक्क नाही, मिस्त्रीचा नाही, फक्त काँक्रीटचा.

खोलीच्या स्लॅबमध्ये मुख्य सळई खालच्या अंगाला असते. गॅलरीत उलटं. ती बाहेर लटकते, त्यामुळं ताण वरून बसतो, म्हणून सळई वर. हे शकीलला बरोबर माहीत. सुजातानं नकाशात लाल पेनानं लिहून दिलं होतं, तरी त्यानं तो लाल पेन थोडा मनावर घेतला. म्हणाला, बेटी, आम्ही काय पहिल्यांदा लोखंड पाहिलं का?

खरी भानगड बांधताना नसते, ओतताना असते. काँक्रीटची घमेली येतात, बायामाणसं सळयांवरून चालतात, अन् वरची सळई पायांनी दबून दबून खाली जाते. वरून कोणाला दिसत नाही. म्हणून शकील त्या दिवशी गॅलरीच्या तोंडाशी काठी घेऊन उभा. लोकांना चालायला त्यानं फळ्या टाकल्या होत्या. फळीवरून पाय घसरला की शकीलची काठी फळीवर वाजायची.

तेवढ्यात कंडक्टर आले. नवीन पांढरा शर्ट. आपल्या गॅलरीतून समोरच्या किराणावाल्याची गॅलरी कशी दिसते, ते त्यांना पाहायचं होतं. फळी बिळी काही न पाहता सरळ सळयांच्या मधोमध जाऊन उभे, कमरेवर हात. सळया झोळीसारख्या खाली.

मला वाटलं, आता काठी वाजते. पण शकीलनं काठी खाली ठेवली, हात जोडले, अन् अगदी अदबीनं म्हणाला, "कंडक्टर साहब, इस गाडी में खडे पॅसेंजर मना हैं."

कंडक्टर मागच्या मागं उतरले. पुढं अर्धा तास शकील अन् सुजाता दोघं मिळून त्या सळया पुन्हा वर उचलत बसले होते.

*

आता खरा तमाशा. त्यासाठी सूत म्हणजे काय ते सांगतो. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. आमचं मिस्त्री लोकांचं माप.

काँक्रीट ओतायच्या आधी सुजातानं मला सांगितलं होतं की गॅलरीच्या टोकाचा साचा चार सूत वर बसव. भिंतीपाशी सरळ, टोकाला अर्धा इंच वर. मी म्हटलं, बाई, नीट झोपली नव्हती का? ती म्हणाली, गॅलरी वाकणारच आहे. कोणतीही वाकते. किती वाकेल ते मी काढलं आहे. तेवढीच आधी वर ठेवली की वाकून सरळ होईल. सरळ ठेवली तर वाकून लोंबलेली दिसेल, अन् लोंबलेल्या गॅलरीखाली कोणी चहासुद्धा पीत नाही.

मी बसवला चार सूत वर. सांगितलेलं काम मी करतो, फक्त हसत हसत करतो.

पण कंडक्टरनं काँक्रीट ओतल्याच्या दुसऱ्या दिवशी लांब पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल पाहिली. गॅलरी आभाळाकडं! त्यांना वाटलं, पावसाचं सगळं पाणी घरात येणार. सुजाता म्हणाली, ढाळ फरशीत देऊ, पाणी बाहेरच जाईल. त्यांचं समाधान होईना.

त्यात मी गप्प बसायला पाहिजे होतं. किराणावाल्यानं मला विचारलं, मिस्त्री, ही वर काहून केली? मी सांगितलं, नवीन पद्धत आहे, गॅलरीतलं पाणी घरातल्या टाकीत घ्यायचं, पुढच्या साली सगळ्यांना करावं लागणार. संध्याकाळी किराणावाला सुजाताच्या ऑफिसात हजर. माझीही गॅलरी चार सूत उचलून द्या, म्हणे. बांधलेली गॅलरी! जॅक लावून!

तिनं त्याला समजावून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी माझ्या चहात साखर नव्हती, अन् चहा तिनंच मागवला होता.

पण ही गोष्ट कंडक्टरच्या कानावर गेली, अन् गल्ली आपल्याला हसते हे त्यांना लागलं. त्यांनी सुजाताला ओट्यावर बोलावलं, आम्हालाही साक्षीला. आवाज चढवला नाही. म्हणाले, "तू म्हणते ते खाली येईन. जेवढं तू म्हणते तेवढं आलं, तर वरचा मजला बी तुह्याकडं. नाही आलं, तर हे तोडतो अन् वाशीमचा इंजिनेर आणतो."

सुजाता म्हणाली, "कबूल." मग तिनं वही काढून त्यांना समजावून सांगितलं, कधी किती येईल, कशानं किती येईल. बराच वेळ सांगत होती. कंडक्टर मन लावून ऐकत होते. मी त्या वेळी शकीलच्या पाठीला कपडे वाळत घालायचा चिमटा लावण्यात गुंतलो होतो. माझ्या कानात चार सूत तेवढं राहिलं.

घरी जाताना स्टँडपर्यंत मी तिच्याबरोबर चाललो. ऑफिसपाशी आली तेव्हा तिनं एकदा बोर्डाकडं पाहिलं अन् कुलूप उघडलं. मी बोर्डावर काहीतरी बोलणार होतो, पण त्या दिवशी मलाच सुचलं नाही.

*

काँक्रीट पक्कं होईपर्यंत गॅलरीखाली टेकू उभे. वर मातीचं आळं करून पाणी भरलेलं. करायला काहीच नाही, फक्त वाट पाहायची. अशा वेळी माझ्यासारख्या माणसाला फार त्रास होतो.

कंडक्टर रोज सकाळी येऊन टेकूंकडं पाहायचे. एक दिवस ते येताना दिसले, तसा मी एका टेकूला कान लावून उभा राहिलो. डोळे मिटले. मधूनमधून मान हलवली.

"काय करून राह्यला?" त्यांनी विचारलं.

मी बोटानं गप्प राहा म्हणून खूण केली. मग हळूच सांगितलं की आतून आवाज येतो, काँक्रीट धरायला लागलं की टेकूत उतरतो. ज्याला ऐकू येतो त्याला येतो.

दुसऱ्या दिवशी मी जरा उशिरा गेलो. पाहतो तर कंडक्टर एका टेकूला कान लावून, किराणावाला दुसऱ्याला, अन् बेबीताई कंबरेवर हात ठेवून दोघांकडं पाहत. तेवढ्यात सुजाता गाडीवरून उतरली. तिनं विचारलं, "काका, काय झालं?"

कंडक्टर झटकन सरळ झाले. "काही नाही. कान खाजवून राह्यलो."

किराणावाला मात्र कान लावूनच होता. म्हणाला, "येते आवाज. मले येते."

*

मग टेकू काढायचा दिवस आला.

गल्ली सकाळपासून हजर. किराणावाल्यानं दुकानासमोर दोन खुर्च्या टाकल्या होत्या. बेबीताईंनी मोठ्या पातेल्यात चहा ठेवला होता. कंडक्टर इस्त्रीच्या कपड्यात. सुजाता मात्र रोजच्याच कपड्यात, पण तिनं त्या दिवशी मला तीनदा विचारलं, मामा, जेवले का? मी दोनदा हो म्हटलं अन् एकदा नाही, तिच्या लक्षातही आलं नाही. तेव्हा मला समजलं की पोरगी घाबरलेली आहे.

तिनं मोजायची सोय केली होती ती अशी. गॅलरीच्या टोकाला खालून एक खिळा. खिळ्याला दोरा, दोऱ्याला माझा ओळंबा. भिंत सरळ आहे का पाहायचं ते आमचं लोखंडी वजन, खाली टोक असलेलं. ओळंब्याच्या शेजारी विटेवर सिमेंटमध्ये उभी बसवलेली पट्टी. गॅलरी जेवढी खाली येईल तेवढा ओळंबा खाली येणार, अन् त्याचं टोक पट्टीवर सूत दाखवणार. सरळ काम. कंडक्टरनं टेकू असतानाचा आकडा स्वतः वाकून पाहून ठेवला.

टेकू काढायला आम्ही भिंतीकडून सुरुवात करणार, तर सुजातानं थांबवलं. आधी टोकाचे काढा, मग आत आत येत भिंतीकडं. टोकाचे शेवटी ठेवले तर गॅलरी दोन्हीकडून टेकलेली होते, ताण खालून बसतो अन् खाली तर सळई नाही. शकील म्हणाला, बात सही है. आम्ही टोकाकडून धरलं.

एक एक टेकू निघत होता. मी हात वर करून काँक्रीटवर थाप मारून पाहिली. दगड नुसता. हे चार सूत वाकणार? अर्धा इंच? मी माझ्या उभ्या जन्मात काँक्रीट अर्धा इंच वाकलेलं पाहिलं नव्हतं. नाही वाकलं तर कंडक्टर बोलल्याप्रमाणं तोडणार. म्हातारा बोलला की करतो. गाडीतून त्यानं सख्ख्या मेव्हण्याला तिकिटासाठी उतरवलेलं आहे. अन् स्टँडवरचा तो बोर्ड उतरवायला मग मलाच शिडी घेऊन जावं लागणार.

शेवटचा टेकू शकीलनं हातोड्यानं सैल केला. सगळी गल्ली वर पाहत होती. टेकू निघाला. गॅलरी हवेत उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सगळे वर पाहत असताना मी खाली बसलो. ओळंब्याच्या डोक्यापाशी गाठ असते. ती माझ्या हातची गाठ, मला डोळे मिटून सुटते. थोडा दोरा सोडला. ओळंब्याचं टोक अलगद खाली आणलं, बरोबर चार सुतांच्या रेघेवर. गाठ मारली. उठलो, हात झटकले. अशी सफाई की मलाच माझं कौतुक वाटलं.

कंडक्टर चष्मा लावून वाकले. आकडा वाचला. पुन्हा वाचला.

"चार," ते म्हणाले.

मी चहाच्या पातेल्याकडं पाहिलं. आता टाळ्या, मग चहा, मग वरचा मजला.

टाळ्या काही आल्या नाहीत. कंडक्टरचा चेहरा शर्टासारखा पांढरा झाला. त्यांनी बेबीताईंचा हात धरला अन् ओढत रस्त्यापलीकडं नेलं. तिथून नोकरीतला आवाज लावला. "बाहेर निंघा! सगळे बाहेर! गॅलरी पडून राह्यली!"

शकील हातोडा टाकून पळाला. किराणावाल्यानं खुर्च्या आत घेतल्या अन् शटर अर्धं खाली ओढलं. पोरंसोरं, बाया, सगळे पलीकडं. मी एकटा गॅलरीखाली. मी म्हटलं, "अहो, चारच सांगतले होते ना!"

"चार वर्षभरात!" कंडक्टर पलीकडून ओरडले. "फरशी बसल्यावर, माणसं चढल्यावर, मंग हळूहळू चार! आज एकच सूत सांगतलं होतं तिनं! एक!"

हे झालं त्या चिमट्याचं फळ.

आता पाहा, दोरा सोडणारा मी. गॅलरीला काही झालेलं नाही, हे आख्ख्या गल्लीत फक्त मला ठाऊक. पण सगळी गल्ली पळालेली पाहून मीही पळालो.

सुजाता पळाली नाही. ती गॅलरीकडं पाहत उभी होती. तोंडावरचा रंग तिचाही उडाला होता, पण पाय जागचे हलले नव्हते. मग ती घरात शिरली अन् जिना चढून वर गेली. बेबीताईंनी पलीकडून तिला नको नको म्हणून हाक मारली. ती वर दिसली. गॅलरीत पाय नाही टाकला. आत उंबऱ्यावर गुडघे टेकून बसली अन् जिथं गॅलरी भिंतीतून बाहेर निघते तिथं, वरच्या अंगाला, ओलं काँक्रीट फडक्यानं पुसून, बोट फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. गॅलरी खरोखर एवढी वाकली असती तर भेग तिथं पडली असती. बोट कुठं अडलं नाही. ती उठली, अन् मग सरळ गॅलरीत जाऊन उभी राहिली.

मग खाली आली. गॅलरीखाली गेली, एकटी. ओळंब्यापाशी बसली. पट्टी पाहिली. दोरा पाहिला. दोऱ्यावर, गाठीच्या जागी, तिनं आधीच पेनाची निळी खूण करून ठेवली होती. ती आता गाठीपासून वर सरकलेली. तिनं ती खूण पाहिली, मग मान वळवून रस्त्यापलीकडं माझ्याकडं पाहिलं.

मी किराणावाल्याच्या शटरवरची जाहिरात वाचायला लागलो. साबणाची होती. फार बारकाईनं वाचली.

तिनं गाठ सोडली, दोरा खुणेपर्यंत ओढला, पुन्हा गाठ मारली. ओळंबा हलायचा थांबेपर्यंत वाट पाहिली. मग हाक मारली, "काका, या. दोरा सरकला होता. आता पाहा."

कंडक्टर आले, पण एक पाय रस्त्यातच ठेवून. वाकले. चष्म्यातून वाचलं. चष्मा काढून वाचलं. शकीलला बोलावून त्याच्याकडून वाचून घेतलं.

"एक सूत," शकील म्हणाला. "बाल बराबर भी फरक नहीं."

कंडक्टरनं दुसरा पाय गॅलरीखाली घेतला. वर पाहिलं. हातानं काँक्रीटला थोपटलं, जसं चालू गाडीला बाहेरून थोपटतात तसं. मग सुजाताला म्हणाले, "वरच्या मजल्याचा नकाशा कवा आणते?"

तिनं पट्टीवरचं सिमेंट नखानं खरवडायला सुरुवात केली, अन् बराच वेळ तेच करत बसली. बेबीताई तोवर चहाचं पातेलं तसंच सोडून वर गेल्या होत्या. गॅलरीच्या कठड्याची जागा अजून मोकळी होती, म्हणून भिंतीला टेकूनच उभ्या राहिल्या, अन् जिकडून मिरवणूक येते तिकडं पाहत राहिल्या. रस्ता रिकामाच होता.

चहा शेवटी शकीलनं वाटला. गॅलरीखालीच, सगळ्यांनी. किराणावालासुद्धा येऊन बसला अन् म्हणाला की आवाज त्याला आधीच आला होता, एक सूतच येणार म्हणून.

मी बशी घेऊन सुजाताच्या बाजूला सरकलो. मनाला लागलं होतं. एवढा जीव धोक्यात घालून मी तिच्यासाठी केलं, अन् वर जाहिरात वाचावी लागली. मी हळूच म्हटलं, "तुह्या भल्यासाठीच केलं म्या ते. माहा मदत करायचा विचार होता."

तिनं चहा बशीत ओतला. फुंकर मारली. एक घोट घेतला.

"मामा," ती म्हणाली, "पुढच्या खेपी मदत करायची असली तर आधी मले विचारत जा. किती वाकवायचं ते मी काढून देईन."